हंसतांना दिसणाऱ्या हिरड्या

महाडच्या बाजारपेठेंतील एखाद्या छायाचित्रकाराच्या दुकानांत लग्नासाठीं फोटो काढून घेण्यास आलेली एक मुलगी डोळ्यांपुढें आणावी. आई शेजारीं उभी आहे. छायाचित्रकार म्हणतो, "ताई, जरा हंसा." मुलगी हंसते, आणि त्याच क्षणीं आई हळूच बजावते, "तोंड मिटून हंस गं!" ओंठ मिटतात, हंसणें अर्ध्यावर राहतें, आणि फोटो निघतो तो सरकारी ओळखपत्रावर शोभावा असा. हा प्रसंग कल्पनेंतील असला, तरी पोलादपूर तालुक्यांतील डोंगरकपारींतल्या वाड्यांपासून तों गिरगांव-लालबागच्या चाळींपर्यंत, कोंकणांतलीं कुटुंबें जेथें जेथें पांगलीं आहेत तेथें तेथें तो ओळखीचा वाटेल. हंसतांना वरच्या दांतांबरोबर हिरडीचाही रुंद पट्टा दिसतो, एवढेंच त्या मुलीचें वैगुण्य. ह्या वैगुण्यावर आज उपाय आहेत. एक नव्हे, पांचसहा आहेत. अडचण उपायांच्या अभावाची नसून त्यांच्या विपुलतेची आहे. त्यांतील प्रत्येक उपाय निराळ्या कारणावरचा आहे, आणि कारण न ओळखतां केलेला उपाय पैसा तर दवडतोच, पण कधीं कधीं जें पुन्हां मिळवितां येत नाहीं तेंही घेऊन जातो.

प्रथम, हा आजार तरी आहे काय, हें पाहिलें पाहिजे. पुष्कळदां तो आजार नसतोच. मनमोकळें हंसतांना ओंठाखालीं हिरडीची एकदोन मिलिमीटर कड दिसणें हें तारुण्याचें लक्षण होय, आणि स्त्रियांत तें पुरुषांपेक्षां अधिक आढळतें. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत ४५४ तरुण विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या हास्याचीं छायाचित्रें तपासण्यांत आलीं. त्यांत शेंकडा सुमारें साडेदहा जणांच्या हास्यांत दांतांची सर्व उंची आणि वर हिरडीचा सलग पट्टा दिसत होता. म्हणजे दहांत एक! १९९९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत तर मोठी मौज आढळून आली. हिरडी कमीजास्त दिसणारीं चित्रें लोकांपुढें ठेवलीं, तेव्हां दांत सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना दोन मिलिमीटर हिरडी दिसतांच खटकलें. सामान्य माणसांना मात्र चार मिलिमीटर होईतों कांहीं वावगें दिसलें नाहीं. पाहुणे म्हणून मुलगी पाहण्यास येणारी मंडळी सामान्य माणसांतलीच असतात, हें आयांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

शिवाय वय आपलें काम करीतच असतें. वरचा ओंठ वयाबरोबर सैल होऊन खालीं उतरतो. १९७८ सालीं झालेल्या मापनाप्रमाणें, तोंड सहज किंचित् उघडें असतां तिशीच्या आंतील माणसांचे वरचे पटाशीचे दांत सरासरी तीन मिलिमीटरांहून थोडे अधिक दिसतात. साठीच्या सुमारास तेच जवळजवळ मुळींच दिसत नाहींत. आज विशींत जें अधिक वाटतें तें पन्नाशींत बेताचें होण्याचा संभव असतो. उलट, विशींतच सर्व हिरडी झांकून टाकली तर पन्नाशींत दांतही दिसेनासे होतात, आणि चेहरा अकालीं वृद्ध भासूं लागतो.

आणखी एक घोटाळा येथेंच निस्तरलेला बरा. हिरड्या दिसणें आणि हिरड्या काळसर असणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांवळ्या वर्णाच्या माणसांच्या हिरड्यांत रंगद्रव्य असणें हें स्वाभाविक असून त्यांत रोगाचा अंशही नसतो. मिश्रीची गोष्ट मात्र निराळी. कोंकणांत आणि घाटावर कित्येक घरांतून आजही सकाळीं बायका भाजलेल्या तंबाखूची पूड बोटानें दांतांस व हिरड्यांस लावतात. दांत घासण्याचें तें साधन आहे अशी त्यांची समजूत असते. तें साधन नव्हे, व्यसन होय. मिश्रीनें हिरडी डागाळते, दांतांपासून सुटते, आणि तोंडाच्या कर्करोगास वाट मोकळी होते. अशा हिरडीवर सौंदर्यासाठीं सुरी चालविण्यापूर्वीं मिश्रीची डबी घरांतून बाहेर गेली पाहिजे, हें सांगणें वैद्याचें पहिलें कर्तव्य आहे.

आतां कारणांकडे वळावयाचें. महाडचें नांव वैद्यकाच्या जगांत गेलें आहे तें विंचवामुळें. डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं ह्याच भागांत विंचूदंशाच्या रोग्यांशेजारीं बसून विषाचा परिणाम तासातासानें टिपला, रोगी दगावतो तो हृदयावर व रक्ताभिसरणावर नेमकें काय घडून, हें ओळखलें, आणि मग प्राझोसिन हें रक्तदाबाचें औषध त्यावर वापरलें. त्यामुळें मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली. विंचवाच्या दंशाशीं मुलीच्या हंसण्याची तुलना कोणास अतिरेकाची वाटेल. परंतु आधीं घडतें काय तें पाहावें आणि मग औषधास हात घालावा, हा क्रम प्राणांतिक दुखण्यास जितका लागू, तितकाच ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीसही लागू आहे.

हिरडी अधिक दिसण्याचीं कारणें ढोबळ मानानें तीन ठिकाणीं सांपडतात: स्वतः हिरडींत व दांतांत, जबड्याच्या हाडांत, आणि ओंठांत. ती मुलगी घरच्या आरशापुढेंच एक गोष्ट पाहूं शकेल. वरच्या मधल्या पटाशीच्या दांताची दिसणारी उंची सामान्यतः दहा ते अकरा मिलिमीटर असते, आणि रुंदी उंचीच्या शेंकडा पंचाहत्तर ते ऐंशी. दांत जर आठच मिलिमीटर उंच आणि जवळजवळ चौकोनी दिसत असतील, तर ते आंखूड नसून हिरडीखालीं झांकलेले असण्याचा संभव मोठा. दांतांचें माप बरोबर असूनही हिरडी दिसत असेल, तर शोध अन्यत्र करावा लागतो.

हिरडी सुजून किंवा वाढून दांतांवर आली असेल तर बहुधा दोष अस्वच्छतेचा असतो, आणि उपाय सर्वांत सोपा असतो: दंतवैद्याकडून दांतांवरील कीटण काढून घेणें आणि पुढें रोजच्या रोज नीट ब्रश करणें. परंतु कांहीं औषधांनींही हिरडी वाढते. अपस्मारावरील फेनिटॉइन ह्या औषधाचा हा गुण १९३९ सालींच नमूद झालेला आहे. मूत्रपिंडाच्या रोपणानंतर देण्यांत येणारें सायक्लोस्पोरिन, आणि आज घरोघरीं रक्तदाबासाठीं घेतलें जाणारें अम्लोडिपिन, ह्यांचेंही तसेंच. अशा वेळीं गोळ्या आपण होऊन बंद करणें हें हिरडीपेक्षां फार मोठ्या संकटास आमंत्रण होय. ज्यांनीं औषध दिलें त्यांनाच विचारावें. पुष्कळदां त्याऐवजीं दुसरें देतां येतें.

सूज नाहीं, औषध नाहीं, तरी दांत आंखूड दिसतात, अशा वेळीं दांत वर येऊन गेलेला असतो पण हिरडीनें जितकें मागें सरावयास हवें तितकें ती सरलेली नसते. येथें हिरडीची कड कापून दांत मोकळा करतात. ही शस्त्रक्रिया जागच्या जागीं भूल देऊन, बसल्या खुर्चींत होते. आणि सर्व उपायांत हिचा निकाल अधिक खात्रीचा. मात्र हिच्यांतच फसगतही अधिक होते. हिरडीची कड आणि तिच्या आंतील हाड ह्यांमध्यें निसर्गानें सुमारें तीन मिलिमीटरांचें अंतर राखलेलें असतें. हाड जर आधींच दांताच्या मानेशीं भिडलेलें असेल, तर नुसती हिरडी कापून कांहीं उपयोग होत नाहीं. कांहीं महिन्यांत ती आपलें अंतर भरून काढीत पुन्हां खालीं येते. तेथें हिरडी उघडून हाडही थोडें घांसावें लागतें. म्हणून कापण्याआधीं हाड कोठें आहे हें सळईनें व क्ष-किरण चित्रानें पाहणें अवश्य असतें. "लेसरनें अर्ध्या तासांत, टांक्यांवांचून" अशी जाहिरात शहराच्या पाट्यांवर आणि मोबाइलवर दिसते. लेसर हें हत्यार आहे; तें स्वच्छ कापतें, रक्त कमी येतें, हें खरें. पण कोठें कापावें आणि कापावें कीं नाहीं, हें तें सांगत नाहीं. अधिक कापली गेलेली हिरडी परत उगवत नाहीं. मूळ उघडें पडतें, थंड पाण्यानें दांत शिवशिवतात, दांतांच्या मधल्या हिरडीस धक्का लागला तर तेथें काळ्या फटी दिसूं लागतात. आधीं हिरडी दिसते म्हणून लाजणारी मुलगी मग हिरडी नाहीं म्हणून लाजते.

कधीं दांतच हिरडीला बरोबर घेऊन प्रमाणाबाहेर खालीं उतरलेले असतात. असें झालें असतां खालचे दांत वरच्यांच्या मागें पुष्कळसे झांकले जातात. ह्यांना तारा बसवून वर ढकलावें लागतें. हल्लीं हाडांत बारीक टायटेनियमचे स्क्रू बसवून त्यांच्या आधारानें दांत वर खेंचतात. काम महिन्यांचें, कित्येकदां दीड-दोन वर्षांचें, आणि दर चारसहा आठवड्यांनीं डॉक्टरांकडे जाणें भाग.

सर्वांत अवघड प्रकार हाडाचा. वरचा जबडाच उभ्या मापानें लांब वाढलेला असतो. नाकाखालचा चेहरा लांबट दिसतो, आणि स्वस्थ बसलें असतांही ओंठ आपसुक मिटत नाहींत. ह्या ठिकाणीं हिरडी कापणें, सुई टोंचणें, सारें वरवरचें. खरा उपाय म्हणजे जबडा वर नेणें. फ्रान्समधील रेने ल फोर ह्या शस्त्रवैद्यानें प्रेतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याचीं हाडें कोणत्या रेषांत फुटतात हें १९०१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें त्यांतल्या सर्वांत खालच्या रेषेंतच शस्त्रवैद्य हेतुपूर्वक जबडा सोडवूं लागले. अपघाताच्या अभ्यासांतून निघालेली वाट दुरुस्तीस उपयोगीं पडली, ही शस्त्रविद्येंतील एक नवलाचीच गोष्ट. पूर्ण भूल देऊन, तोंडाच्या आंतूनच, हाडाची पट्टी काढून जबडा वर बसवितात व टायटेनियमच्या पट्ट्यांनीं जखडतात. आधीं आणि नंतर तारांचें काम असतें. सूज आठवडे टिकते, ओंठ व गाल कांहीं काळ बधिर राहतात, कांहींजणांना ती बधिरता थोडी कायमचीही राहते; नाकाचा पायथा रुंदावूं शकतो. वाढ पुरी झाल्याखेरीज ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहींत. ज्यांना जबड्यामुळें चावण्यास अडचण होते किंवा ओंठच मिटत नाहींत, त्यांच्या दृष्टीनें हें सारें सोसण्यासारखें ठरतें. निव्वळ फोटोसाठीं मात्र ह्या वाटेस जाणें हा शहाणपणा नव्हे.

राहिला ओंठ. दांत ठीक, जबडा ठीक, पण हंसतांना ओंठच फार वर उचलला जातो, असें कित्येकांत दिसतें. एरव्हीं ओंठ सहा ते आठ मिलिमीटर वर जातो. ह्यांचा त्याहून पुष्कळ अधिक. ओंठ उचलणाऱ्या स्नायूंत, नाकपुडीच्या दोन्ही बाजूंस, बोटुलिनम टॉक्सिनची अत्यल्प मात्रा टोंचली म्हणजे ते स्नायू सैलावतात आणि ओंठ कमी उचलला जातो. शिळ्या डबाबंद अन्नांतून माणसाचा जीव घेणारें हेंच विष. मात्रेनें त्याचें औषध झालें. हिरडीच्या हास्यावर त्याचा उपयोग २००५ पासून वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होत आला आहे. सुई सोपी, परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण. पण तीनचार महिन्यांत, फार तर सहांत, ओंठ पूर्वस्थितीवर येतो. टोंचणारा हात कच्चा असेल तर हंसूं एका बाजूस वांकडें होतें आणि तें वांकडेपणही तितकेच दिवस सोसावें लागतें. गरोदरपणीं व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस हें देऊं नये. दुसरा उपाय १९७३ सालीं वर्णिला गेला: ओंठाच्या आंतील नाजूक कातडीची एक पट्टी काढून ओंठ खालच्या पातळीवर शिवून टाकावयाचा, म्हणजे तो फार वर जाऊं शकत नाहीं. हा अधिक टिकतो. तथापि कांहींजणांत ओंठ पुन्हां थोडा सैलावून वर जातो, आणि जबडा लांब असलेल्यांस तो पुरा पडत नाहीं.

पुस्तकांत उपाय निवडतात ते कारणावरून. महाड-पोलादपुरांत त्यांत अंतराचीही भर पडते. हिरडी कापण्याचें काम जवळपासच्या शहरांतील जाणकार दंतवैद्याकडे एकदोन खेपांत आटोपतें. तारांचें तसें नाहीं. उमरठसारख्या, तानाजी मालुसऱ्यांच्या नांवानें सर्वांस ठाऊक असलेल्या पण घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या गांवाहून महिन्याच्या महिन्याला एस. टी. नें पोलादपुरास, तेथून महाडास किंवा कशेडी ओलांडून खेडास जावयाचें. खेडास योगिता दंतमहाविद्यालय आहे. रायगड जिल्ह्यांतच कामोठें आणि खारघर येथेंही दंतमहाविद्यालयें आहेत, पण तीं जिल्ह्याच्या अगदीं दुसऱ्या टोंकाला, पनवेल तालुक्यांत. मुंबईस नायर दंतमहाविद्यालय व शासकीय दंतमहाविद्यालय आहे. तेथें खर्च खासगीहून पुष्कळ कमी, परंतु महाडहून मुंबई सुमारें पावणेदोनशें किलोमीटर पडते, आणि कोंकण रेल्वेचें जवळचें स्थानक म्हणजे वीर. पावसाळ्याचें तर विचारूंच नये. २०२१ च्या जुलै महिन्यांत सावित्रीचें पाणी महाडच्या घराघरांत शिरलें, तळियेवर दरड कोसळली, आणि आंबेनळीचा घाट खचून वाहतूक बंद पडली. त्या दिवसांत तारेची तारीख कोण पाळणार? तारा बसवून महिनोमहिने न गेलें तर कीड आणि हिरडीची सूज ठरलेली. ज्याला दोन वर्षें नियमानें जातां येणार नाहीं त्यानें तारेचा उपाय आरंभूं नये, किंवा शिक्षणासाठीं शहरांत राहावयाच्या वर्षांत तो उरकावा.

आतां त्या फोटोच्या मुलीकडे परत यावें. समजा, आई तिला घेऊन दवाखान्यांत गेली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पुढल्या महिन्यांत पाहुणे यायचे आहेत. तोंवर होईल का कांहीं?" महिन्याभरांत होण्यासारखा, चेहऱ्यावर खूण न ठेवणारा एक उपाय आहे, तो सुईचा. म्हणजे पाहुण्यांनीं मुलगी पाहिली तेव्हांचें हंसूं लग्नाच्या पंगतीपर्यंत बहुधा टिकावयाचें नाहीं! जाणता डॉक्टर अशा वेळीं आईशीं वाद घालीत बसत नाहीं. तो मुलीलाच विचारतो, "ताई, तुम्हांला स्वतःला हें खटकतें का? कधींपासून?" उत्तर "आई म्हणते म्हणून" असें आलें तर तो दांत स्वच्छ करून देतो आणि घाई नाहीं असें सांगतो. पण कॉलेजांत गेल्यापासून हातानें तोंड झांकून हंसण्याची संवय जडली, गटाच्या फोटोंत मागें उभें राहण्याची संवय जडली, असें जर ती खालीं पाहून बोलली, तर ती गोष्ट गंभीरपणें घेण्यासारखी आहे. ती विवाहाची अडचण नसून त्या मुलीची आहे, आणि तीवर उपाय शोधणें रास्तच होय.

मग मापें घ्यावयाचीं. स्वस्थ असतांना ओंठ केवढा लांब, दांत किती दिसतात, हंसतांना ओंठ किती चढतो, दांताची उंची किती, हाड हिरडीच्या कडेपासून किती आंत, चेहऱ्याचा खालचा भाग प्रमाणांत आहे कीं नाहीं: पंधरा मिनिटांचें काम, साधी पट्टी आणि सळई पुरते. हीं मापें डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावींत, सोबत हंसतांनाचा एक फोटो ठेवावा, आणि खेडास, कामोठ्यास वा मुंबईस दुसऱ्या तज्ज्ञाकडे जातांना तोच कागद बरोबर न्यावा. तेथील तज्ज्ञानें निराळा उपाय सुचविला, तर कोणत्या मापावरून, हें त्या कागदावर बोट ठेवून विचारतां येतें.